कागदांची बेगमी

वैशाख उतरणीला लागला की वर गच्चीत शेजारणींचे सांडगे, कुरडया, पोह्याचे पापड जुन्या धोतरांवर पसरलेले असतात, आणि मी खाली पडदे ओढलेल्या खोलीत कागद पसरून बसते. माझंही ते वाळवणच. फरक एवढाच की कागदाला ऊन दाखवायचं नसतं, उन्हाची नुसती हवा लागू द्यायची असते. उन्हात राहिलेला गुलाबी कागद पाहता पाहता विटतो, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखा, आणि मग त्याला पुन्हा गुलाबी म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून अंधारी खोली, बंद पंखा, कपाळावर घाम, आणि सतरंजीभर रंग.

पावसाआधी हे एकदा करावंच लागतं.

साडीची खोकी, शर्टांची खोकी, काजूकतलीचा एक सपाट डबा, आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी. झाकणं उघडली की आधी वास येतो. खळीचा, वेखंडाचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. मग एकेक थर वर येतो: पतंगाचा कागद, इतका हलका की माझ्या श्वासाने त्याचा कोपरा उचलला जातो, घोटीव कागद, एका बाजूने नवरीसारखा आणि मागून पांढराफटक, हाताला सुरकुत्यांची मऊ कुरकुर देणारा क्रेप, डोळ्यांवर धरला की सगळं घर लाल करून टाकणारा जिलेटिनचा तुकडा, आणि बेगड, जिच्यावरून आपण खोट्या माणसांना नाव ठेवतो, पण मखराच्या कडेला लावली की समईच्या उजेडात जी सोन्यालाही मागे सारते. अख्ख्या कागदाला आपल्याकडे ताव म्हणतात. मिशीला देतात तोही ताव, श्रीखंडावर मारतात तोही ताव. बोहरी आळीत नाहीतर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर ‘चार ताव द्या’ म्हणताना माझ्या आवाजात थोडी मिशी आणि थोडं श्रीखंड दोन्ही असतं.

ते लावून ठेवण्याच्या तऱ्हाही करून झाल्या. एक वर्ष रंगांप्रमाणे लावले. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अशी देखणी उतरण झाली की त्यातून एकही कागद काढवेना. वर्षभर मी ते खोकं उघडून नुसती बघत बसले. पुढच्या वर्षी मापांप्रमाणे. त्यात शिस्त होती. ए-फोरच्या फायलीत ए-फोर, 210 बाय 297 मिलिमीटर, अगदी सरकारी. पण चिकटवहीसाठी परदेशातून येणारे ते बारा इंची चौकोनी कागद आमच्या कुठल्याच खोक्यात बसेनात. साडीचं खोकं त्यांना अरुंद, फायलीतून ते चारी बाजूंनी बाहेर, आणि उभे ठेवावेत तर कमरेत वाकणार. पाहुण्यांसारखे ते अजून पलंगाखालच्या पेटीत वेगळे, आडवे निजतात.

आता मी आवाजाने लावते. डोळे मिटून कोपरा हलवायचा. पतंगाचा कागद कुजबुजतो, घोटीव चुटक्या वाजवतो, कार्डशीट घसा खाकरते, खाकी कागद वाण्याच्या दुकानासारखा खडबडतो. कुजबुजणारे सगळ्यात वर, खाकरणारे खाली. घरच्यांना ही पद्धत वेडेपणाची वाटते, आणि तशी ती आहेही, पण वीज गेलेली असताना आकाशकंदिलाचा कागद काढून दाखवावा बरं त्यांनी.

मधेच एक गठ्ठा येतो ज्याला कसलाच आवाज नाही. तो बाबांच्या पाठकोऱ्यांचा. ऑफिसातली रद्द झालेली परिपत्रकं ते घरी आणायचे, कोरी बाजू वर करून, कोपऱ्यात दोरा ओवून. कागद वाया घालवणं आणि पानात अन्न टाकणं ही आमच्याकडे एकाच जातीची पापं होती. त्या पाठीवरून बोट फिरवलं की टाइपरायटरने ठोकलेली अक्षरं उलटी लागायची, आणि पूर्णविराम तर पार आरपार गेलेले असायचे, सुईने टोचल्यासारखे. माझी शाळेतली सगळी गणितं कुणा अनोळखी साहेबांच्या पूर्णविरामांना ठेचकाळत सुटली. उरलेले पाठकोरे अजून कोरेच आहेत. मी ते उजेडासमोर धरते. छिद्रांतून बारीक बारीक चांदण्या पडतात.

दादाची चिकटवहीही याच पेटीत असते. 25 जून 1983 नंतरच्या आठवड्यात त्याने शेजारपाजारच्या घरांतून वर्तमानपत्रं मागून आणली आणि लॉर्ड्सच्या सज्जात चषक धरलेला कपिल देव एका अख्ख्या पानावर चिकटवला. आता ते कात्रण चहाच्या रंगाचं झालंय. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा चिकट अंश तसाच राहतो, हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो, आणि त्यातलं आम्ल शेजारच्या पानातही उतरतं. समोरचं पान कोरं ठेवलं होतं त्याने, अंतिम सामन्याचा धावफलक लिहायला. तो राहिलाच. पण त्या कोऱ्या पानावर, बरोबर कात्रणाच्या मापाची, एक तपकिरी सावली उमटलेली आहे. कुणी न लिहिताच.

तेव्हापासून मी प्रत्येक कात्रणासमोर बटर पेपर घालते. आणि प्रत्येक वेळी वाटतं, त्या सावलीला आडवं येणारी मी कोण!

जूनचे ढग आले की कागदही आपलं खरं रूप दाखवू लागतो. हवेतला ओलावा पिऊन त्याचे तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, रुंदीला फुगतात. म्हणून दडपून न ठेवलेला ताव कडांनी लाटा काढतो आणि त्याला पुन्हा सपाट करणं म्हणजे रुसलेल्या माणसाला हसवणं. आडवे ठेवायचे, वर पाट, पाटावर जुने दिवाळी अंक. कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे, सुकलेला कडुनिंब. कसरीला खळ फार आवडते, म्हणून आमच्या गल्लीतला बाइंडिंगवाला खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालायचा. त्या निळ्या खड्याला हात लावायची आम्हां मुलांना बंदी होती, आणि म्हणूनच तो जगातला सगळ्यात सुंदर निळा होता. इतका पहारा करूनही एखादी चंदेरी कसर पेटीच्या तळाशी सुळकन पळतेच. मारवत नाही. तिचाही रंग बेगडीचाच.

अगदी तळाशी, मलमलीच्या फडक्यात, तो ताव.

पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला. 1940 साली सुरू झालेली ती संस्था. तिथे लाकडाचा नव्हे, सुती चिंध्यांचा लगदा करतात. पाण्यात तरंगणाऱ्या त्या दुधट सायीत चाळणीची चौकट बुडवायची, किंचित हलवून उचलायची, पाणी झरझर खाली, आणि चाळणीवर एक ओला, थरथरता, अजून नाव नसलेला कागद. कागद करणाऱ्यांच्या वस्त्या आपल्याकडे जुन्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यापासून पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्यापर्यंत गावांनी आणि आळ्यांनी ते नाव अजून अंगावर ठेवलंय. यंत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो नि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. हातकागदाला अशी दिशा जवळजवळ नसतेच, तो चहूकडून सारखाच चिवट. माझा जास्वंदी रंगाचा आहे, कडा न कापलेल्या, दाढी न केलेल्या हनुवटीसारख्या. एवढ्या वर्षांत त्यावर कात्री चालवावी असं एकही काम मला सापडलं नाही. भाचीच्या बारशाच्या पत्रिका? पत्रिकांना तो फार खडबडीत. आईच्या पंचाहत्तरीचं अभिनंदनपत्र? त्याला फार झणझणीत. दर वैशाखात काढायचा, उलटापालटा करायचा, पुन्हा फडक्यात.

यंदा भाची सुट्टीला आली होती. सात वर्षांची. मी वर गच्चीत शेजारणीला कुरडया उचलू लागायला गेले, आणि खाली आले तेव्हा ती सतरंजीवर, जिभेचं टोक बाहेर काढून, जास्वंदी तावाच्या बरोबर मधोमध कात्री फिरवत होती. मोठी माणसं कोपऱ्यातून कापतात, काटकसरीने, उरलेलं उरावं म्हणून. मुलं मधूनच कापतात.

“मावशी, मासा!” ती म्हणाली.

मासा होता. पोट जरा फुगीर, शेपूट दोन वेळा चुकून दुरुस्त केलेलं, डोळ्याच्या जागी पंचिंग मशीनचं भोक. माझ्या ओठांवर जे आलं होतं ते मी गिळलं. त्याला घशाखाली उतरायला बराच वेळ लागला. तेवढ्यात तिने माशाला दोरा बांधून तो खिडकीच्या गजाला लावलाही. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यावर तो संध्याकाळभर डुलत राहिला आणि समोरच्या भिंतीवर त्याच्यापेक्षा मोठी, जरा घाबरट सावली पोहत राहिली.

रात्री खोकी भरली. कुजबुजणारे वर, खाकरणारे खाली. मधोमध भोक पडलेला ताव हातात घेतला. रद्दीत टाकायचा प्रश्नच नव्हता आणि फडक्यात गुंडाळायचं आता कारण नव्हतं. तो तसाच घोटीव कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. भोकातून खालचा निळा दिसला. निळा उचलून मागे सारला, तर मासा हिरवा झाला. मग पिवळा. वेखंड कोपऱ्यात सरकवून झाकण लावायला घेतलं, तेव्हा गच्चीवर पत्र्यावर पहिला थेंब वाजला, आणि शेजारीण कुरडया गोळा करायला धावली त्याचा आवाज आला. मी पिवळा काढून पुन्हा निळा घातला.