जामणीच्या कुरणात

२०२२ च्या मे महिन्यात ताडोबाला जायचं ठरलं, तेव्हा आईला सोबत न्यावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली होती. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे, त्यात सफारीची जिप्सी उघडी आणि आई ६९ वर्षांची. पण वाघ बघायचा तर उन्हाळाच बरा. सागाची पानं झडलेली असतात, गवत बसलेलं असतं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि प्रत्येक जनावराला कधी ना कधी तिथे यावंच लागतं. भाच्याची सुट्टीही तेव्हाच होती. शेवटी आईच म्हणाली, "मला उन्हाचं काय सांगता? मी येते."

वाघ आम्हाला पहिल्याच सकाळी दिसला. तेलिया तलावाच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती, सगळे श्वास रोखून उभे होते. बांबूतून एक वाघीण निघाली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बांबूत शिरली. अर्धा मिनिट असेल. भाचा थरथरत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अर्धं मिनिट तो जन्मभर विसरणार नाही. मीही नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुपारच्या फेरीबद्दल.

दुपारी मोहर्ली गेटवर आम्हाला वेगळी गाईड मिळाली. पस्तिशीची असेल. खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, गळ्यात काळी पोत. तिने सगळ्यांचे मोबाइल पिशवीत बंद करून ठेवले, आईला मधल्या सीटवर नीट बसवलं आणि पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली. गाडी आत शिरल्यावर ती फार बोलली नाही. वानर कुठे बघतंय, चितळाचा कान कुठे वळलाय, याकडे तिचं लक्ष. मध्येच हात वर करायची, ड्रायव्हर इंजिन बंद करायचा आणि आम्ही नुसते ऐकत राहायचो. वाळलेल्या पानांवरून सातभाई चालले तरी माणूस चालल्यासारखा आवाज येतो, हे मला तिथे कळलं.

तसं मे महिन्यातलं हे जंगल पहिल्या नजरेला ओसाड वाटतं. मग हळूहळू रंग दिसायला लागतात. कहांडळाची पांढरीधोप खोडं, मध्येच एखादा बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला, मोहाची तांबूस पालवी. गाईडने ताडोबा हे नाव कसं पडलं ते सांगितलं. तारू हा गोंडांचा देव. तो वाघाशी झुंजताना गेला असं मानतात. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात लोक दर्शनाला येतात. राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. देव त्याच्या कितीतरी आधीचा.

जंगल एकदम उघडलं आणि समोर मोठं कुरण आलं. पिवळं गवत, दोन-तीन डेरेदार झाडं, त्यांच्या सावलीत शंभरएक चितळं. पलीकडे गव्यांचा कळप. माती उडवत एक रानडुकरीण पिलांना घेऊन चालली होती. इतकी जनावरं एका नजरेत मी आधी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं.

"हे जामणी," गाईड म्हणाली. मग थोडं थांबून, "हे माझं माहेर, मॅडम."

मला वाटलं, जामणी गाव जवळपास कुठेतरी असेल. मी विचारलं, "किती लांब आहे इथून?"

"इथंच जी. हे जे दिसून राहिलं ना, हेच गाव."

तिने बोट दाखवलं तशी ती जागा बदलत गेली. गवतात सरळ रेघा दिसल्या. ते धानाच्या बांध्यांचे धुरे होते. एका धुऱ्यावर चितळाचा नर उभा होता, म्हणून तो इतका उंच वाटत होता. ती चिंच म्हणजे गावाचा चौक. चिंचेपासून चौथं घर त्यांचं. जंगलात चिंच आणि आंबा असे एकत्र, घराशेजारी लावल्यासारखे दिसले की समजायचं, इथे माणसं राहत होती.

गाभा क्षेत्रातली काही गावं गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेर हलवली गेली, त्यातलंच हे एक. त्या वेळच्या योजनेत दोन पर्याय होते. कुटुंबामागे १० लाख रुपये घ्या, नाहीतर दुसरीकडे जमीन आणि घर घ्या. "जायचं नव्हतं का?" मी विचारलं. तिने खरं ते सांगितलं. भावांना जायचंच होतं. रोही आणि डुकरं पीक ठेवत नव्हती, गाय वाघाने नेली की दुधाचं संपलं, पावसाळ्यात बाळंतीण अडली तर दवाखान्यात न्यायला रस्ता नाही. आजीला मात्र जायचं नव्हतं. ती म्हणायची, वाघ आपला शेजारी आहे, शेजाऱ्याच्या त्रासानं कोणी घर सोडते काय?

माणसं गेल्यावर शेतात गवत आलं. खत खाल्लेली माती, त्यामुळे गवत चांगलं. वनखात्याची माणसं तरोटा आणि बाकीचं तण उपटून काढतात, म्हणून चितळांना आवडतं तेच वाढतं. चितळं आली म्हणून वाघ आला. आमच्यासारखे लोक लांबून येऊन ज्या देखाव्याला वा म्हणतात तो असा तयार झालेला आहे. मी अनेक अभयारण्यं हिंडले आहे. अशी मोकळी कुरणं बघून मला नेहमी वाटायचं, काय हा निसर्ग! कुरण कुणाच्या शेतातून उगवलंय, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं, मला तर सगळ्यात आधी.

तेवढ्यात, इतका वेळ गप्प बसलेल्या आईने विचारलं, "तुझ्या आईची चूल कुठं होती गं?"

गाईड वळली. "त्या पळसाच्या अल्याड. परसात."

"पाणी?"

"विहीर होती. ते खड्ड्यावानी दिसते ना, तिथं."

"आता उतरतेस का कधी?"

"नाही जी. इथं कोणालेच उतरता येत नाही. मलेबी नाही."

आईचं माहेर पैठणच्या वर, गोदावरीकाठी होतं. जायकवाडीचं काम १९६५ मध्ये सुरू झालं आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं. माझ्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा गाव उठत होतं. भिंती सोडून जे निघेल ते लोक काढत होते. तुळया, फळ्या, दाराच्या चौकटीसुद्धा बैलगाडीत घालून नेल्या. मग नाथसागर भरला. १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झालं. कॉलेजात असताना मी मैत्रिणींबरोबर रोहित पक्षी बघायला गेले होते. आल्यावर आईला तासभर त्या गुलाबी पंखांचं वर्णन ऐकवलं. तिने पक्ष्यांबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पाणी कुठपर्यंत होतं?" मी सांगू शकले नाही. मी पाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

जिप्सी तिथे वीस मिनिटं उभी होती. दुसऱ्या गाड्या यायच्या, वाघ आहे का विचारायच्या आणि निघून जायच्या. भाचाही गाईडला प्रश्न विचारत होता. शाळा कुठे होती, तुम्ही कुठे खेळायचा. ती चिंचेकडे बोट दाखवून सांगत होती. आई आणि ती, दोघी गवताकडे बघत घरांची नावं घेत राहिल्या. तिची घरं ती सांगायची, आई आपली. ही न्हाव्याची, ही कुंभाराची. ऐकताना कुठलं घर गवतातलं आणि कुठलं पाण्यातलं, हे मला कळेनासं झालं.

परतताना अस्वल दिसलं, मोहाखाली काहीतरी हुंगत होतं. मी ते नीट पाहिलं असं म्हणवत नाही.

गेटवर मोबाइल परत मिळाले. गाईडने आपला फोन काढला आणि आईला एक फोटो दाखवला. तिच्या लग्नातला. हळदीने माखलेली ती दारात उभी, मागे चिंच. आईने चष्मा चढवला. आईकडे तिच्या माहेरच्या घराचा एकही फोटो नाही. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. नवरीचा चेहरा बाजूला सरकला, भिंत गेली, फक्त दार उरलं.

"चौकट सागाची का गं?"

"हो जी."

"मग?"

"नेली ना सोबत. नव्या घराले तीच लावली."