बंड्याचे दात

मिरज,
रविवार

चि. सायलीस,


तू पाठवलेले बंड्याच्या दातांचे फोटो मोठे करून नीट पाहिले. "तोंडाला वास येतो, पण जेवतो व्यवस्थित, म्हणजे काळजीचं काही नसावं ना?" असं तू विचारलं आहेस. दवाखान्यात होते तोवर हा प्रश्न मी सतत ऐकत आले. फोनवर दोन शब्दांत सांगून भागणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

दात दुखतो म्हणून कुत्रं सहसा जेवण सोडत नाही. ते एका बाजूनं चावायला लागतं, कोरडं खाणं न चावता गिळतं, आवडतं खेळणं तोंडात धरायचं टाळतं, तोंडाजवळ हात नेला की मान वळवतं. घरच्यांना वाटतं, वय झालं, शांत झालाय. दात हाताला हलतोय अशा अवस्थेत शेपूट हलवत आलेली कितीतरी कुत्री मी तपासली आहेत. तसले दात काढल्यावर पंधरा दिवसांनी मालक येऊन सांगायचे, "डॉक्टर, हा परत पिल्लासारखा खेळायला लागला!" तोवर तो दुखणं सोसत होता, हे त्यांना तेव्हा कळायचं. म्हणून जेवतोय म्हणजे बरा आहे, हे आधी मनातून काढून टाक.

आता फोटोंकडे वळते. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला जी सगळ्यात मोठी दाढ आहे, तिच्या मुळाशी पिवळट तपकिरी थर दिसतो. ते किटण. ते नेमकं तिथेच का साचतं, तर गालातल्या लाळेच्या नळीचं तोंड त्या दाढेजवळ उघडतं. दात साफ केला तरी काही तासांत त्यावर जंतूंचा मऊ, चिकट थर पुन्हा धरायला लागतो. लाळेतले क्षार त्यात बसले की दोन-तीन दिवसांत तो दगडासारखा टणक होतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण किटण भराभर चढतं. मऊ थर ब्रशनं निघतो, टणक झालेला निघत नाही. ब्रश रोज का फिरवायचा, याचं कारण एवढंच आहे. आठवड्यातून एकदा, आंघोळीच्या दिवशी, दात घासून उपयोग नाही. एखादा दिवस चुकला तर हरकत नाही, पण दोन दिवस सलग चुकवू नकोस.

खरा धोका मात्र दिसणाऱ्या किटणापेक्षा हिरडीच्या कडेखाली असतो. जंतू तिथे शिरले की हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं. त्यापुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. बंड्यासारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत हे लवकर होतं. जबडा एवढासा, पण दात मोठ्या कुत्र्याइतकेच, ४२. दाटीवाटीत अन्न अडकतं. शिवाय डाव्या वरच्या सुळ्याला चिकटून एक बारीक टोकदार दात दिसतोय. तो दुधाचा सुळा आहे, सहा-सात महिन्यांचा होईतो पडायला हवा होता. त्या दोघांच्या फटीत केस अडकलेले फोटोतही दिसतात. तो काढावा लागेल.

म्हणून घाईनं ब्रश हातात घेऊ नकोस. आधी डॉक्टरांना दाखव. दुखऱ्या हिरडीवर पहिल्याच दिवशी ब्रश फिरला तर ब्रश म्हणजे दुखणं एवढंच बंड्याच्या लक्षात राहील, आणि तो ग्रह काढायला महिने जातात. डॉक्टर बहुधा भूल देऊन साफसफाई सुचवतील. भुलीचं नाव ऐकून घाबरू नकोस. आधी रक्त तपासतात, श्वासनलिकेत नळी घालतात म्हणजे पाणी आणि किटणाचे तुकडे फुप्फुसात जात नाहीत, आणि सोय असेल तिथे मुळांचा एक्स-रेही काढतात. भूल न देता, धरून ठेवून दात खरवडून देणारे लोक हल्ली शहरात भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नकोस. दात पांढरे दिसतात, हिरडीखालची घाण तशीच राहते आणि जनावर भेदरतं ते वेगळंच.

डॉक्टरांनी हिरड्या बऱ्या झाल्या असं सांगितलं की घरी सुरुवात कर. बंड्याला मांडीवर घे, त्याची पाठ तुझ्या पोटाशी. समोरून वाकून, अंगावर आल्यासारखं तोंड धरायचं नाही. पहिले काही दिवस ब्रश नाहीच. गालावरून हात फिरव, ओठ क्षणभर उचल, सोड, लगेच खाऊ दे. ते तो निवांत करू देऊ लागला की बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून बाहेरच्या बाजूनं दातांवरून फिरव. मग पेस्ट बोटावर चाटायला दे. मग ब्रश, लहान मुलांचा अगदी मऊ चालतो. जबडा उघडायचा नाही. तोंड मिटलेलंच असू दे, फक्त ओठ वर कर, ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धर आणि छोटे गोल फिरव. सुरुवात सुळ्यांपासून कर आणि मागच्या दाढांपर्यंत जा. समोरचे पटाशीचे दात शेवटी, कारण नाकाखाली हात गेलेला कुत्र्यांना सगळ्यात नकोसा होतो. आतली बाजू जीभ बरीचशी पुसते, तिच्यासाठी झटापट करू नकोस. एकेका बाजूला अर्धा मिनिट पुष्कळ झालं.

तो ओठ चाटायला लागला, कान मागे पाडले, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला की थांबायचं. गुरगुरला तर रागावू नकोस. गुरगुरणं हा त्याचा सभ्य नकार आहे. तो दाबून टाकलास तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जाऊन सुरू कर. संध्याकाळी फिरून आल्यावरची वेळ ठरव. ठरलेल्या वेळेला रोज तेच, त्याच क्रमानं झालं की बहुतेक कुत्री महिनाभरात स्वतःहून मांडीशी येऊन बसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

पेस्टबद्दल मात्र अगदी कडक राहा. आपली पेस्ट त्याला कधीही नाही. तो चूळ भरून टाकत नाही, सगळं गिळतो. फ्लोराइड आणि फेस आणणारं द्रव्य पोटात जातं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल ही गोडी असते. तिनं कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते, यकृत निकामी होऊ शकतं, थोडी मात्राही जिवावर बेतते. मीठ, खायचा सोडा, लवंगेचं तेल यांतलं काही नको. आणि तुझ्या आजेसासूबाईंची मिश्रीची डबी खिडकीत उघडी असते, ती आधी उंच फडताळात ठेव. तंबाखू त्याच्यासाठी विषच. कुत्र्यांसाठीची पेस्ट औषधाच्या दुकानात मिळते, चिकनच्या चवीची. न मिळाली तर नुसत्या पाण्यात भिजवलेला ब्रशही चालेल. काम मुख्यतः घासण्यानं होतं.

चहात बुडवलेली बिस्किटं बंद करा. सासऱ्यांना प्रेमानं समजाव, त्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्याऐवजी गाजराचा तुकडा त्यांच्याच हातून मिळू दे. शिजवलेलं हाड, गाईचा खूर, दगडासारखं वाळवलेलं चीज, दात स्वच्छ होतात म्हणून जे जे विकतात त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघ. नख रुतलं नाही तर ते परत कर. अशा वस्तूंनी तीच मोठी दाढ उभी चिरते. डोळ्याखाली अचानक सूज आली तर कित्येकदा कारण त्या दाढेच्या मुळाशी झालेला पू असतो.

या आठवड्यातच वेळ घेऊन त्याला दाखव. तो दुधाचा सुळा भूल दिलेली असतानाच काढायला सांग, म्हणजे पुन्हा भूल नको. डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी