डोंबिवली की बदलापूर?

बजेट तेच, ईएमआय तोच. त्या पैशात डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन मिळतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्टेशन चालत दहा मिनिटांवर आणि खाली पोळी-भाजी केंद्र. बदलापुरात तेवढ्यातच चक्क वन बीएचके, शिवाय बाल्कनी. कुणीही भुलेल! त्यात पुढच्या वर्षी आई-बाबा कायमचे माझ्याकडे येतायत. एका खोलीत तिघं कसे मावणार?

सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. कागदावर वीसच जास्त. पण कल्याणच्या पुढे लोकल विरळ होतात. म्हणून एका सोमवारी मी बदलापूरहून ऐन पीक अवरची गाडी पकडून पाहिली. अख्खा प्रवास उभ्याने! (लेडीज डब्यात चौथी सीट मिळणं म्हणजे सरकारी नोकरी लागणं.)

आणि नदी? एजंट जिला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणत होता, ती उल्हास. २६ जुलै २००५ च्या पुरात हिचं पाणी बदलापुरात शिरलं. जुलै २०१९ मध्ये इथे जवळच महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं. मी पूररेषेचा नकाशा मागितला, तर एजंटने चहा मागवला. वॉचमनकाकांनी मात्र पार्किंगच्या खांबावरची पाण्याची खूण दाखवली. माझ्या खांद्याला लागत होती.

आता पूर्वेला, कात्रपच्या बाजूला, नदीपासून लांब एक फ्लॅट हेरलाय. बाल्कनी नाहीये. टोकन द्यायच्या आधी भर पावसात एकदा जाऊन येणार, बाबांना घेऊन.