नाव ठेवणं, नावं ठेवणं

माझ्या लॅपटॉपवर 'कथा_नवी_फायनल_३' नावाची फाइल सात महिने पडून होती. कथा लिहून झाली होती, दोन मित्रांनी वाचली होती, ऱ्हस्व-दीर्घ तपासून झालं होतं. अडलं होतं फक्त नावाशी.

खरं तर ऑफिसात मी दिवसभर नावंच ठेवत असतो. व्हेरिएबलला, फंक्शनला, टेबलातल्या कॉलमला. तिथला नियम सोपा आहे. नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे आणि आत गेल्यावर धक्का बसता कामा नये. 'गेट युजर नेम' नावाच्या फंक्शनने आतल्या आत युजरचा पासवर्ड बदलला, तर कोड रिव्ह्यूमध्ये धिंडवडे निघतात. कथेलाही मी आधी हाच नियम लावला. नाव निघालं 'आजी आणि पार्किंग'. नियमात शंभर टक्के बसणारं, आणि असं की मी स्वतःसुद्धा ती लिंक उघडली नसती.

कथा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोपर गावातली एक म्हातारी रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघते आणि दहा मिनिटांवरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसते. वॉचमन तिला खुर्ची देतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, ही कुणाची तरी कामवाली असावी, मॅडमची वाट बघत बसली असेल. ती बसते त्या जागी पूर्वी बांध होता. सोसायटी जिथे उभी आहे तिथे भात व्हायचं. ती म्हातारी म्हणजे माझी आजी. मी दहावीत असताना ते शेत बिल्डरकडे गेलं. त्या पैशांतून आमच्या घरावर स्लॅब पडला, आत्याचं लग्न झालं आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी भरली गेली. कथेत हे शेवटचं एका वाक्यात येतं. ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता याला नाव काय द्यायचं?

'सातबारा' सगळ्यात आधी सुचलं, म्हणूनच सोडलं. मराठी कथेत जमीन आली की हे नाव आपोआप उगवतं. मग दोन दिवस 'कोपर' ठेवलं. गावाचं नाव, स्टेशनचं नाव आणि हाताचं कोपर, असा तिहेरी श्लेष. स्वतःवरच खूश झालो. पण कथेत कुणाच्याच कोपराला काही होत नव्हतं आणि नुसत्या श्लेषासाठी एखाद्या पात्राचं हाड मोडायला मन धजेना.

या काळात मी दुसऱ्यांची नावं बघायला लागलो. पुस्तकं नाही, नुसती नावं. जी. ए. कुलकर्णींच्या संग्रहांची नावं ओळीने लावून पाहा: 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'पिंगळावेळ'. प्रत्येकात रंग आहे. देखणी नावं आहेत, पण ती जीएंनाच शोभतात. आमच्यासारख्याने 'करडीसांज' वगैरे ठेवलं की लगेच कळतं, कुणाच्या कपाटातून शर्ट उचललाय ते.

हरिभाऊ आपट्यांचं नाव मला जास्त उपयोगी पडलं. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः यायला लागली. यमूची कहाणी, यमूच्याच तोंडून. नावात मात्र यमू नाही. नाव चक्क 'पण'ने सुरू होतं. म्हणजे त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं आहे आणि समोरच्याने ते कानाआड केलेलं आहे. आपण पहिलं पान उघडायच्या आधीच त्या कानाआड करणाऱ्यांत जमा होतो. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या 'पण'ची धार गेलेली नाही.

पण माझा प्रश्न खरा काय आहे, ते मला डोंबिवलीनेच दाखवलं. शं. ना. नवरे आमच्या डोंबिवलीचे. जयवंत दळवींच्या 'महानंदा' कादंबरीवरून शन्नांनी नाटक लिहिलं, 'गुंतता हृदय हे'. हे शब्दसुद्धा आधीच लोकांच्या ओठांवर होते, १९६४ साली आलेल्या वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'तल्या पदामुळे. भाविणीच्या घरातली मुलगी आणि तिच्यात गुंतलेला, शहरातून आलेला तरुण, अशी ती गोष्ट. आता ही दोन नावं शेजारी ठेवा. कादंबरीच्या दारावर बाईच्या नावाची पाटी आहे. नाटकाच्या दारावर हृदय आहे, आणि गुंतलेलं हृदय म्हटलं की माझं लक्ष आधी गुंतणाऱ्याकडे जातं. गोष्ट तीच, पण आपण कुणाच्या बाजूला जाऊन बसायचं, ते पाटीने ठरवून टाकलं. यातलं एक नाव बरोबर आणि दुसरं चूक असं मी म्हणणार नाही. नाटकाला गर्दी खेचायची असते आणि ओळखीच्या गाण्याची ओढ मोठी असते. पण कथेचं नाव म्हणजे कथेचा सारांश, ही माझी समजूत तिथे संपली. माझी कथा आजीची, बाबांची की माझी, हे ठरल्याशिवाय नाव सुचणार नव्हतं.

आणि इथे बाबा मधे आले.

आमच्या घरात त्या व्यवहाराबद्दल तीन क्रियापदं आहेत. आई म्हणते, जमीन 'गेली', एखादं माणूस जावं तसं. बाबा म्हणतात, बिल्डरला 'दिली'. काका, ज्यांना वाटणीत कमी आलं असं त्यांचं म्हणणं आहे, ते म्हणतात 'विकली'. आजी यातलं काहीच म्हणत नाही. मी एका रात्री फाइलला 'विकलेलं' असं नाव दिलं. एकच शब्द, ठसठशीत, आधुनिक. सकाळी कोपरहून स्लो लोकल पकडली (आमच्याकडे फास्ट थांबत नाही, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर), तेव्हा लक्षात आलं की हे नाव काकांच्या तोंडचं आहे. कथेत मी बाबांना कुठेच दोष दिलेला नाही. नावाने मात्र पहिल्याच शब्दात दिला असता. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका अनुस्वाराचं अंतर आहे.

क्रियापद किती वजन उचलतं, हे बाबुराव बागुलांकडे बघावं. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या त्याच नावाच्या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. दुसऱ्या कुणी 'लपवली' लिहिलं असतं. लपवतो माणूस स्वतःचीच वस्तू. 'चोरली' म्हटल्याबरोबर जात ही दुसऱ्याची मालमत्ता होते आणि साधी खोली मागणारा माणूस गुन्हेगार ठरतो. ठरवणारे कोण, ते कथेत कळतंच. शिवाय नावानेच सगळं आधी सांगून टाकलं आहे, तरी कथेतला ताण कणभर कमी होत नाही. हल्ली फोनवर येणाऱ्या 'तिने दार उघडलं आणि पुढे जे घडलं...' छाप मथळ्यांचं नेमकं उलटं असतं. ते काहीतरी दडवून बोट दाबायला लावतात आणि आत दडवण्याजोगं काही नसतं.

फोनचा विचार करणं भाग आहे, कारण माझी कथा तिथेच वाचली जाणार. दिवाळी अंक विकत घेतलेल्या माणसाने पैसे आधीच मोजलेले असतात. तो कथेला दोन-तीन परिच्छेद उसने देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नाव एकटंच जातं. ना मुखपृष्ठ, ना शेजारची कविता, फक्त एक चौकोन आणि त्यात मावतील तेवढे शब्द.

शेवटी नाव कथेतच सापडलं, दुसऱ्या पानावर, आजीच्या तोंडी. कुठे निघालीस, असं कुणी विचारलं की ती आजही एकच शब्द बोलते: 'शेतान'. आमच्या आगरी बोलीत शेतान म्हणजे शेतात. पार्किंगमध्ये निघालेली बाई सांगते, शेतान. कथेचं नाव 'शेतान' ठेवलं आणि दोन्ही मित्रांना पाठवलं. पुण्याच्या मित्राने विचारलं, "सैतान लिहायचंय का? हॉरर केलीस की काय?" दुसऱ्याने अजय देवगणच्या 'शैतान'चं पोस्टर पाठवून दिलं.

मला वाटलं, चला, हेही गेलं. मग तेच आवडायला लागलं. नाव वाचून कुणाला सैतान दिसला तर दिसू दे. दुसऱ्या पानावर आजी तो शब्द उच्चारते, तेव्हा वाचणाऱ्याला मागे जाऊन नाव पुन्हा वाचावं लागतं. कोड रिव्ह्यूमध्ये हे खपलं नसतं. त्यात 'विकली' नाही, 'दिली' नाही, 'गेली'सुद्धा नाही. त्या शब्दात शेत अजून तिथेच आहे.

मागच्या रविवारी बाबांना लिंक पाठवली. ते बाहेरच्या खोलीत होते, चष्मा कपाळावर. फोन लांब धरून त्यांनी नाव मोठ्याने वाचलं, आमच्या घरात म्हणतात तसं, कुठेही न अडखळता. सैतानाचं तर त्यांच्या मनातही आलं नाही. थोडा वेळ बोट तसंच स्क्रीनच्या वर राहिलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाली वाचायला लागले.