झाकणाआडचं टाइमिंग

इंजिनात दोन टाइमिंग असतात आणि त्यांतलं एक दुसऱ्यातली चूक बेमालूम झाकू शकतं, हे मला पनवेलच्या एका गॅरेजात कळलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून हेच सांगतोय. इतकी वर्षं गाडी चालवली, बॉनेटखाली काय चाललंय ते कधी पाहिलंच नव्हतं!

गाडी मामाची, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली जी फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही, पण घरच्या गाडीसारखी जपणारी माणसं आहेत, मामा त्यांतलाच. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. नुकतंच बांधून घेतलेलं: ब्लॉक बोअर केलेला, रिंग-पिस्टन नवे, व्हॉल्व्ह घासून बसवलेले. सुरू एका चावीत व्हायचं, आयडलला बरं फिरायचं. पण जुन्या पुणे रस्त्याला लागलं आणि तिसरा गिअर टाकला की जीवच नाही. पिकअप शून्य. मधूनच कार्ब्युरेटरमधून फटाका.

पॉइंट, कंडेन्सर, प्लग, जेट सगळं बघून झालं होतं. मग मिस्त्रींनी टाइमिंग लाइट काढला आणि माझं तिथून हलणंच बंद झालं. एक नंबरच्या प्लगच्या वायरला चिमटा लावायचा. त्या वायरीतून करंट गेला की दिवा क्षणभर लखलखतो. गरगर फिरणाऱ्या पुलीवर तो उजेड मारला आणि पुली चक्क थांबली! ट्यूबलाइटखाली पंखा कधीकधी जागच्या जागी उभा दिसतो ना, तशी. पुलीवरची बारीक खाच आणि समोरची खूण, दोन्ही स्थिर. खूण जिथे हवी तिथेच होती.

ठिणगी कधी पडते ते तो दिवा दाखवतो. पिस्टन वर टॉपला पोचल्यावर ठिणगी पडत असेल असं मला वाटायचं. तसं नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून पुरतं जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात, आणि क्रँक मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर एक डिग्री फिरायला त्याला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. म्हणजे त्या दोन मिलिसेकंदांत क्रँक ३६ डिग्री पुढे निघून जातो. म्हणून ठिणगी आधीच पडावी लागते, पिस्टन अजून वर येत असताना. फार आधी पडली तर इंजिन ठोकतं, उशिरा पडली तर ताकद सायलेन्सरवाटे वाया जाते. आणि हे सगळं लावायचं कसं? डिस्ट्रिब्युटरचा एक बोल्ट ढिला करून तो हाताने किंचित फिरवून! मला हे ऐकूनच उठून उड्या माराव्याशा वाटल्या.

पण खूण बरोबर असून गाडी का ओढत नाही? मी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, “लाइट खोटं बोलत नाही भाऊ, पण लाइटला कॅम दिसत नाही.” कॅम म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी बंद करायचे ते ठरवणारा दांडा; दुसरं टाइमिंग ते.

मग त्यांनी इनटेकच्या नळीला व्हॅक्यूम गेज जोडलं. पनवेल समुद्रसपाटीला लागूनच, इथे धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २२ इंच दाखवतं. (लोणावळ्याला नेलं तर तेच इंजिन दोनेक इंच कमी दाखवेल, तिथे हवाच विरळ.) आमची सुई १३ च्या आसपास स्थिर उभी. थरथरत नव्हती, म्हणजे एखादा व्हॉल्व्ह अडकलेला नाही. चारही सिलिंडर सारखेच अशक्त.

यानंतर जे पाहिलं ते प्रत्येकाने एकदा तरी पाहावं. वरचं टॅपेट कव्हर काढलं, प्लग काढले, पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला सुरुवात केली. फक्त पुढच्याच दिशेने, कारण मागे फिरवलं की चेनची ढील मध्ये येते आणि माप चुकतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवला. हवा अंगठ्याला ढकलू लागली, म्हणजे कॉम्प्रेशन. पिस्टन टॉपला आणून थांबवला. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असतो तेव्हा चार नंबर एक्झॉस्ट संपवून इनटेक सुरू करत असतो. त्या क्षणी चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे हवेत, दोन्ही रॉकर दाबलेले हवेत. मिस्त्रींनी माझं बोट धरून रॉकरवर ठेवलं. एक्झॉस्टचा घट्ट. इनटेकचा खटखट हलतोय! कॅम मागे होता, उशिरा चालत होता.

आता गंमत बघा. डिस्ट्रिब्युटर फिरतो तो कॅमवरूनच. टाइमिंग चेन बसवताना कॅमचं चाक एक दात चुकलं, तर व्हॉल्व्हही उशिरा आणि ठिणगीही उशिरा. कॅमच्या चाकाला ३६ दाते धरले तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने क्रँकचे तब्बल २०. कुणीतरी दिवा लावून बघतो, ठिणगी मागे दिसते, तो डिस्ट्रिब्युटर फिरवून ती खुणेवर आणतो. दिवा म्हणतो सगळं ठीक. व्हॉल्व्ह मात्र उशिराच बंद होत राहतात आणि वर येणारा पिस्टन नुकतंच आत घेतलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलत राहतो. कमी व्हॅक्यूमचं कारण तेच आणि मेलेल्या पिकअपचंही तेच.

रेडिएटर उतरवला, पुली ओढून काढली, पुढचं झाकण उघडलं. दोन चाकांवरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात. त्या एका दाताने चुकलेल्या, उघड्या डोळ्यांना दिसत होत्या. मी मोठ्याने ओरडलो. चेन काढून चाक एक दात पुढे बसवलं, झाकणाला नवं गॅस्केट लावलं, आणि डिस्ट्रिब्युटर साहजिकच पुन्हा पहिल्यापासून लावला, कारण तो आता २० अंश पुढे गेला होता. आधी १२ व्होल्टचा बल्ब पॉइंटला जोडून, इंजिन बंद ठेवून, मग लाइटने. गेजची सुई १८ वर गेली.

नव्या गाड्यांत क्रँक आणि कॅम दोघांनाही सेन्सर असतात आणि त्यांचा मेळ चुकला की कॉम्प्युटर लगेच ओरडतो. तिथे फिरवायला डिस्ट्रिब्युटरच नाही. मला मात्र हे सगळं आधी बोटाने कळलं याचा फार आनंद आहे.

शेडुंगपर्यंत गेलो. तिसऱ्यावर पाय दाबला की गाडी निघत होती, मामा शेजारी बसून नुसता “अरे वा, अरे वा” करत होता. मी त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट पाहून ठेवली: लाइट धरून ॲक्सिलरेटर वाढवला की पुलीवरची खूण आपोआप पुढे सरकते. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं आहेत, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी आधी पाडतात; दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात. त्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत सैल पडल्या असतील का, हे आता बघायचंय, आणि मिस्त्रींनी रविवारी सकाळी ये म्हणून सांगितलंय.