परिशिष्ट

कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला नाटकाचा, कुणाला दुसऱ्यांची लग्ने जमविण्याचा. मला गेली सहा-सात वर्षे प्रबंध वाचण्याचा नाद लागला आहे. प्रबंध म्हणजे पीएच. डी.चे प्रबंध, पुस्तक होऊन बाजारात आलेले नव्हेत, तर विद्यापीठाला सादर केलेले मूळ बाड. मी स्वतः मॅट्रिक. दहावीनंतर चित्रकलेचा अभ्यासक्रम केला; आमच्या वेळी तेवढ्यावर चित्रकलेचा शिक्षक होता येत असे, तसा झालो. पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन खपल्या. अशा माणसाने रात्री जेवणे आटोपल्यावर चष्मा पुसून 'द्विमितीय अपवर्तनाचा अभ्यास' उघडून बसावे, याची आमच्या शिक्षकांच्या खोलीत बरीच थट्टा होते. तिथे मला 'डॉक्टर' म्हणतात. मीही आता त्या हाकेला ओ देतो.

नाद लागला तो एका कादंबरीपायी. सोलापूरच्या चादरीच्या मागावर काम करणारा एक माणूस मला लिहायचा होता. माग मी लहानपणापासून ऐकत आलो. पण ऐकणे वेगळे आणि कळणे वेगळे. एका ग्रंथपालबाईंनी सांगितले, "गुरुजी, तुम्ही शोधगंगा पाहा ना." मला वाटले, एखादे मासिक असेल.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुजरातेत गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचे एक केंद्र आहे. देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध तिथे संगणकावर साठविले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला, की पीएच. डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत दिलीच पाहिजे. त्याआधीचेही पुष्कळ प्रबंध नंतर पानापानाने छायाचित्रित होऊन तिथे गेले आहेत. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. सभासदत्व नाही, वर्गणी नाही, दारावर शिपाई नाही. तुमचे शिक्षण किती, असे कुणी विचारीत नाही. माझ्यासारख्याला ही शेवटची सोय फार मोलाची वाटते. कारण एका ग्रंथालयाच्या पायरीवर त्याच प्रश्नावरून मी एकदा परत फिरलेला आहे.

'माग' हा शब्द मी इंग्रजी स्पेलिंगने घातला आणि पुढच्या आठ रात्री त्यात गेल्या. अर्थशास्त्राच्या प्रबंधात माग म्हणजे भांडवल, कर्ज, सुताचा भाव आणि विजेचे बिल. रसायनशास्त्राच्या प्रबंधात माग नाहीच, मागाच्या पाठीमागून वाहणारे रंगाचे पाणी आहे. त्यातला रंग कशाने काढता येईल, याची नळ्यानळ्यांतून चाललेली खटपट आहे. वैद्यकाच्या बाजूने आलेल्यांनी विणकराचा कान तपासलेला. यंत्रमागाच्या खोलीतला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि तो वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याच्या कानातून आधी बारीक, उंच स्वर नाहीसे होतात. आमच्या गल्लीतले मागवाले एकमेकांशी भांडल्यासारखे का बोलतात, ते मला वयाच्या चाळिशीत रात्री साडेअकराला कळले. नात हाक मारते ती त्या माणसाला ऐकू येत नाही आणि शेजारच्या पुरुषाचे जाड बोलणे मात्र ऐकू येते. माझा नायक मला तिथे सापडला. बिचाऱ्या संशोधकाने ते सारे एका आलेखात मांडले होते.

या तिघांपैकी एकाने दुसऱ्याचे वाचलेले असेल, असे मात्र कुठे दिसले नाही. माग एकच, पण रसायनवाला त्याच्या मागच्या गटारापाशी उभा, अर्थशास्त्रवाला पुढच्या ओट्यावर, आणि मध्ये विणकर.

मग मी मोकळाच सुटलो. शेतीच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' म्हणून निराळे भांडार आहे, तिथे शिरलो. रब्बी ज्वारीवरचा जवळजवळ प्रत्येक प्रबंध आपल्या नव्या वाणाची तुलना 'एम ३५-१'शी करतो. हे कुणा परदेशी पाहुण्याचे नाव असावे, असे आधी वाटले. पाहतो तो आपली मालदांडी! आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेली. इतकी वर्षे झाली, नवनवे वाण आले, पण मोजमापाला अजून तिलाच शेजारी पेरतात. जिची भाकरी खाऊन मी मॅट्रिक झालो तिच्यावर इतक्या लोकांनी डॉक्टरकी मिळविली, हे वाचून मला उगाचच थोडा अभिमान वाटला.

मोठ्या माणसांचे प्रबंधही पाहिले, किंवा त्यांच्या हकिकती वाचल्या. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी आधी स्वीकारला नव्हता. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला. इरावतीबाई कर्वे बर्लिनला कवट्या मोजीत होत्या. त्यांच्या मार्गदर्शकाला त्या मापांतून वंशावंशांतला भेद सिद्ध व्हायला हवा होता, कवट्यांनी तो दिला नाही आणि बाईंनी तो दिला नाही असेच लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी त्याच्यासमोर! कमला सोहोनींचा केंब्रिजचा १९३९ चा प्रबंध चाळीसेक पानांचा होता म्हणतात. हल्ली चाळीस पानांत प्रस्तावनेची प्रस्तावनाही संपत नाही. स्टीफन हॉकिंगचा १९६६ सालचा प्रबंध केंब्रिजने ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वांना खुला केला, तेव्हा जगभरच्या लोकांची अशी झुंबड उडाली की ती जागाच बंद पडली. गर्दी ओसरल्यावर मीही जाऊन आलो. टंकलिखित पाने, मध्ये हाताने लिहिलेली समीकरणे. त्यातले अक्षर मला कळले, बाकी काही कळले नाही. पण चित्रकलेच्या शिक्षकाला अक्षर कळणे हेही काही कमी नाही.

आता, सगळेच प्रबंध वाचनीय असतात असे म्हटले तर हा दिवाळी अंक तुम्ही माझ्या डोक्यात घालाल. बहुतेक नसतात. 'सदर संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की झोपेत म्हणू शकेन. शेवटी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' ही शिफारस ठरलेली. काही प्रबंधांतली दुसरी प्रकरणे एकमेकांची जुळी भावंडे दिसतात. कोण आधी जन्मले एवढाच प्रश्न. मराठीतल्या प्रबंधांची तर वेगळीच दैना. त्यांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत नोंदलेली, त्यातही एकाच शब्दाची तीन-तीन स्पेलिंगे. जुने छायाचित्रित प्रबंध म्हणजे नुसती चित्रे. आतला शब्द शोधावा तर संगणकाला तो दिसत नाही. जे शोधायचे ते डोळ्यांनी, पान उलटून.

म्हणून मी प्रबंध वाचायची आपली एक उलटी रीत काढली आहे. तिथे प्रत्येक प्रबंधाचे तुकडे वेगवेगळे ठेवलेले असतात: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग प्रकरणे, आणि सर्वांत शेवटी परिशिष्ट. मी आधी ऋणनिर्देश उघडतो. तिथे मार्गदर्शकांचे नाव देवाच्याही आधी येते, हे रीतीला धरूनच आहे. पण एक-दोन परिच्छेद ओलांडले की माणूस बोलू लागतो. अमक्या साली वडील गेले, तमक्या साली मुलगी झाली, सासूबाईंनी मूल सांभाळले, नवऱ्याने रात्री जागून पाने लावली, टंकलेखक अमुक यांनी वेळेत काम दिले. एखाद्या ठिकाणी नवऱ्याचे नावच नसते. कादंबरीकाराला यापेक्षा जास्त काय हवे?

आणि नंतर मी एकदम परिशिष्टाला जातो. परिशिष्टात प्रश्नावली असते. ती मी का शोधतो, हे सांगायला हवे.

माझी आई सोलापुरात बिड्या वळीत असे. सकाळी कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत हजार बिड्या पुऱ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेले की तिथला माणूस त्यातून छाट काढी. म्हणजे वाकडी, सैल, बारीक म्हणून बाद. छाटीचे पैसे नाहीत आणि छाटलेली बिडीही परत नाही. ती कुठे जाते, हे विचारायचे नसे.

१९८८-८९ च्या सुमारास, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, खांद्याला शबनम पिशवी लावलेली एक बाई आमच्या गल्लीत आली. ती पीएच. डी. करीत होती. छापील कागद घेऊन ती घरोघर बसे. आमच्याकडे ती दीड तास बसली, आईने तिला चहा दिला, आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसून सगळे ऐकले. वय? शिक्षण? घर स्वतःचे की भाड्याचे? कर्ज कुणाकडून? खोकला येतो का? छाट किती जाते, हा प्रश्न आला तेव्हा आई उठली आणि फळीवरची एक बरणी घेऊन आली. त्यात चिंचोके होते. दर शंभर छाटीला एक चिंचोका, असा तिचा हिशेब. तिला लिहिता येत नाही, पण ती दर शनिवारी बरणीत चिंचोके टाकीत असे. आठवड्याला तीन. वर्षाचे दीडशे. त्या बाईने तिथेच बोटांवर हिशेब केला: दीडशे चिंचोके म्हणजे पंधरा हजार बिड्या, म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी. वर्षातले पंधरा दिवस आई फुकट बसली होती. बाई म्हणाली, "हे फार महत्त्वाचं आहे, मावशी." आणि कागदाच्या कडेला काहीतरी लिहिले.

ती पुन्हा आली नाही. यायचे तिला कारणही नव्हते. पण आईने ती गोष्ट सोडली नाही. मी शाळेत लागलो तेव्हा, माझे पहिले पुस्तक निघाले तेव्हा, मध्येच कधीतरी भाजी निवडताना तिचा प्रश्न यायचा, "त्या बाईनं चिंचोक्याचं लिवलं आसंल का रं?" माझ्या कादंबऱ्यांत काय लिहिले आहे, हे तिने कधी विचारले नाही.

त्या काळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती; आमचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ सालचे. म्हणून मी आधी कोल्हापूरचे प्रबंध धुंडाळले. समाजशास्त्र झाले, अर्थशास्त्र झाले, वाणिज्य झाले, समाजकार्य झाले. मग पुण्याचे, मग मुंबईचे. संशोधक कुठूनही आलेली असू शकते. बिडी कामगारांवर कितीतरी लोकांनी लिहिले आहे. त्यांत छाटीवर परिच्छेद असतो, टक्केवारीही असते. चिंचोके नसतात. बाईचे नाव आईला आठवत नाही. प्रबंध पुरा झाला की नाही, हेही कुणाला ठाऊक नाही. पुष्कळांचे होत नाहीत. झाला असला तर एखाद्या विद्यापीठाच्या कपाटात कापडी बांधणीत उभा असेल, अजून छायाचित्र न काढलेला. किंवा तो संगणकावर आहे, आणि नोंद करणाऱ्याने 'बिडी' हा शब्द असा काही लिहिला आहे की माझ्या बोटांना तो अजून सुचलेला नाही. आतापर्यंत मी अकरा तऱ्हांनी लिहून पाहिला आहे.

संगणकावर आले म्हणजे कायमचे राहिले, असेही नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची प्रबंधांची मोठी सूची होती, सहा लाखांहून अधिक नोंदींची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला, आणि ती सूची कितीतरी महिने बंद राहिली. तेव्हापासून मला आवडलेले परिशिष्ट मी छापून ठेवू लागलो आहे. बायको म्हणते, घरात फराळाचे डबे ठेवायला जागा नाही आणि तुमचे हे कागद. तिचेही खरे आहे.

अशीच एक छापलेली प्रश्नावली गेल्या महिन्यात टेबलावर पडली होती. भलत्याच जिल्ह्यातली, भलत्याच वर्षाची. पण विषय बिडी कामगार स्त्रिया. आई आता सत्तरीच्या पुढे गेली आहे, बिड्या सोडून तिला वीस वर्षे होतील. तिने विचारले, कसले कागद? मी सांगितले. ती म्हणाली, "वाच बघू."

मी पहिला प्रश्न वाचला, "वय?"

"तवाचं का आताचं?"

"तुला वाटेल ते सांग."

"दोन्ही लिव."

मी पेन्सिल घेतली. शिक्षणाच्या चौकटीत 'निरक्षर' या शब्दावर खूण करताना तिने थांबविले आणि चिंचोके किती मोजता येतात ते आधी लिहायला लावले. कर्जाच्या प्रश्नाला तीन नावे आली, त्यांतली दोन मी जन्मात ऐकली नव्हती. त्यातले एक माझ्या चित्रकलेच्या अभ्यासक्रमाच्या फीचे होते. खोकल्याच्या प्रश्नाला ती नाही म्हणाली आणि लगेच खोकली, तेव्हा आम्ही दोघेही हसलो.

सव्वीसावा प्रश्न होता: 'आपणांस आणखी काही सांगावयाचे आहे काय?' खाली दोन ओळींची जागा सोडलेली. त्या पहिल्याच वाक्यात भरल्या. मी उठून शाळेची चित्रकलेची वही आणली. तिला रेघा नसतात, त्यामुळे माझे अक्षर खाली खाली जात राहिले, आणि रात्री साडेदहाला सून हाक मारायला आली तेव्हा आम्ही सातव्या पानावर होतो.