ओसरीवरील तांब्या

आमच्या गावच्या घरी ओसरीवर उजव्या हातास पाण्याचा एक तांब्या ठेवलेला असे. इ. स. २००९ च्या उन्हाळ्यात तो बाबांच्या पायाने वारंवार लवंडू लागला. आईस तो वार्धक्याचा विसरभोळेपणा वाटला. मी तर एकदा पाहुण्यांदेखत, "बाबा, जरा खाली पाहून चालत जा," असे त्यांस म्हणालो. ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्रातील बारीक टाइप ते चष्मा लावून बिनचूक वाचीत. मग त्यांच्या दृष्टीविषयी शंका कोणास यावी?

वर्षभराने ते पायरीवरून पडले, तेव्हा नेत्रवैद्यांनी रोगाचे नाव सांगितले : काचबिंदू. समोरचे सारे दिसत होते. कडेचे जग मात्र हळूहळू नाहीसे झाले होते. मोतीबिंदू काढला की दृष्टी बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्यामागील मज्जातंतू मरतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात वेदना नसते, म्हणूनच तो घातकी.

निरोगी डोळ्यातील दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांइतका असतो. बाबांचा २६ भरला. परंतु वैद्यांनी त्यांच्या दंडास पट्टा बांधून रक्तदाबही पाहिला. तो वरचा १७० व खालचा ७० निघाला. या दोहोंतील एवढे मोठे अंतर, ते म्हणाले, धमन्या ताठरल्याचे लक्षण होय.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगशाळेतील नवी रबरी नळी व कपाटात वर्षानुवर्षे पडून वाळलेली नळी हाती घेऊन पाहा. नवी नळी पाण्याच्या प्रत्येक धक्क्यासरशी फुगते आणि धक्का पोटात घेते. वाळलेली तो तसाच पुढे ढकलते. तद्वत् लवचिक धमनी हृदयाचा ठोका सौम्य करते. ती ताठरली म्हणजे तोच ठोका पुढील नाजूक वाहिन्यांवर जाऊन आदळतो. दृष्टीच्या मज्जातंतूचे पोषण अशाच बारीक वाहिन्यांवर अवलंबून असते.

तर मग ताठरलेल्या धमन्यांनीच बाबांची दृष्टी नेली काय? हा प्रश्न मी विचारला, आणि वैद्यांनी घाईने "होय" म्हटले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात १९९० पासून हजारो प्रौढ स्त्रीपुरुषांची पाहणी चालू झाली. तिच्या २००६ सालच्या निष्कर्षात, धमन्यांत चरबीचे थर साचणे हे काचबिंदूचे महत्त्वाचे कारण दिसले नाही. २००७ साली मात्र, डोळ्यातील दाब वाढलेल्या काचबिंदूचा संबंध वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतराशी आढळला. मानेतील धमनीच्या ताठरपणाशीही तो असावा, असे दिसले. थर साचणे निराळे आणि ताठरणे निराळे, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, हे तर मी दहावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. स्वतःच्या घरी ते ऐकणे अवघड गेले.

रक्तदाब फार उतरला तरीही मज्जातंतूस रक्त कमी पडू शकते; सबब गोळ्यांचे प्रमाण कोणी आपल्या मनाने वाढवू नये.

थेंबांच्या औषधाने बाबांची उरलेली दृष्टी अखेरपर्यंत टिकली. तांब्या आईने डाव्या हातास ठेविला. मी त्या बोलण्याबद्दल त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मलाही ते निष्काळजीपणच वाटत होते रे."

काचबिंदूच्या रोग्याच्या मुलांस व भावंडांस त्याचा धोका अधिक असतो. आता मी पंचेचाळिशीत आहे. दरवर्षी डोळ्यांतील दाब, मज्जातंतू व कडेची दृष्टी तपासून घेतो. अद्याप सर्व ठीक आहे. धाकटा भाऊ मात्र ऐकत नाही. "दादा, मला समोरच्या मोटारीचा नंबर स्वच्छ वाचता येतो," असे तो हसून म्हणतो. तो नाताळच्या सुट्टीत येणार आहे. त्याच्या नावाने मी नेत्रवैद्यांची वेळ घेऊन ठेविली आहे. त्याला अजून सांगितलेले नाही.